'लाइन' : एका इंग्रजी शब्दाचा मराठीतील अर्थविस्तार

पदव्युत्तर वर्गाच्या अंतर्गत चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थ्याने लिहिलेले 'कवितेच्या शेवटच्या दोन लाइनींत' हे शब्द मी तांबड्या शाईने खोडले आणि वर 'ओळींत' असे लिहिले. त्याच उत्तरपत्रिकेत पुढे एका कथेच्या नायकाविषयी 'तो हार्बर लाइनला राहतो' आणि 'नोकरीची लाइन सोडून तो धंद्यात पडतो' अशी दोन वाक्ये होती. त्यांवरून माझी लेखणी न अडखळता पुढे गेली. ही विसंगती गुणांची बेरीज करताना ध्यानात आली. शब्द एकच, पहिल्या ठिकाणी तो मला अशुद्ध वाटला, दुसऱ्या ठिकाणी अपरिहार्य आणि तिसऱ्या ठिकाणी जवळजवळ मराठी. हा न्याय मी कोणत्या तत्त्वावर केला, या प्रश्नातून प्रस्तुत लेख निर्माण झाला आहे.

परभाषीय शब्दांविषयीची आपली चर्चा बहुधा शब्द स्वीकारावा की नाकारावा या एका प्रश्नाभोवती फिरते. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीपासून माधव जूलियनांच्या 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) या ग्रंथापर्यंत, आणि १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतरच्या परिभाषानिर्मितीतही, शब्द हा एक अखंड नग मानून त्याचा निवाडा करण्याची रीत दिसते. परंतु 'लाइन'सारखा शब्द असा एक नग नाही. इंग्रजीत त्याचे अर्थ अनेक आहेत, मराठीतही अनेक आहेत. आणि हे दोन समुच्चय एकमेकांशी जुळत नाहीत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच की, शब्द उसना येतो तेव्हा त्याचे अर्थ त्याच्याबरोबर गठ्ठ्याने येत नाहीत. थोडे येतात, तेही निरनिराळ्या वेळी व निरनिराळ्या माणसांच्या हातून; उरलेले मराठी आपल्या विभक्तींनी आणि क्रियापदांनी स्वतः घडवते.

१

इंग्रजीतील अगदी साधे, एकाक्षरी शब्दच कोशकारांना सर्वांत जास्त छळतात. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. पुढील पुनर्लेखनात तो मान 'रन' या क्रियापदाकडे गेला. 'लाइन' त्या पंक्तीत पहिला नसला, तरी त्याचे घराणे अधिक मनोरंजक आहे. लॅटिनमधील 'लिनुम' म्हणजे जवस, अळशी. त्या झाडाच्या धाग्यापासून केलेली दोरी ती 'लिनेआ'. हा शब्द जुन्या इंग्रजीत दोरी याच अर्थाने होता; पुढे फ्रेंचमधून आलेल्या त्याच कुळातील शब्दाने त्याला बळ दिले. जवसाच्या धाग्याचे कापड ते 'लिनन', जवसाचे बी ते 'लिनसीड'.

या दोरीपासून अर्थांची साखळी सहज उलगडते. ताणलेली दोरी सरळ असते, म्हणून सरळ रेघ. दोरीच्या सरळ रेषेत उभी केलेली माणसे ती सैन्याची फळी. एकामागून एक येणारे वंशज ती वंशाची परंपरा. कागदावरची अक्षरांची ओळ, कवितेचा चरण, नटाने म्हणावयाचे वाक्य, आगगाडीचा मार्ग, तारायंत्राची तार, विचाराची दिशा, उदरनिर्वाहाचा व्यवसाय, दुकानातील मालाचा प्रकार, जहाजांची कंपनी. या सर्वांच्या मुळाशी जवसाचा धागा आहे, याची जाणीव आजच्या इंग्रजी भाषकाला क्वचितच असते. एका शब्दाच्या या बहुप्रसवतेला मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकाने १८९७ मध्ये जे नाव दिले, त्यासाठी आपण 'अनेकार्थता' हा शब्द योजतो. आपल्याकडे हा विचार जुनाच आहे. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात 'नानार्थवर्ग' स्वतंत्रपणे दिलेला आहे. शब्द एकच असून त्याचे अर्थ अनेक मानावेत, की अर्थ बदलला की शब्दही निराळा मानावा, हा वाद भर्तृहरीने वाक्यपदीयात मांडलेला आहे.

२

मराठीत 'लाइन' कोणाच्या हातून आली हे पाहिले, तर तिचे प्रमुख अर्थ लगेच वेगळे पडतात. कंपनी सरकारच्या छावण्यांत शिपायांच्या राहण्याच्या चाळी ओळीने बांधलेल्या असत. त्यांना 'लाइन्स' म्हणत. हा अर्थ आजही जिल्ह्याच्या गावांतील 'पोलीस लाइन' या नावात जिवंत आहे. तेथे 'लाइन' म्हणजे रांग नव्हे, वस्ती. 'तो लाइनीत वाढला' असे पोलिसाच्या मुलाविषयी म्हणतात तेव्हा तो कुठल्या रांगेत उभा होता असे कोणी विचारीत नाही. मुंबईचे मरीन लाइन्स आणि नागपूरचे सिव्हिल लाइन्स ही याच कुळातील नावे. पण तेथील 'न्स' हा इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय गोठून नावाचा भाग झाला आहे. 'मरीन लाइनी' असे कोणी म्हणत नाही.

दुसरा हात रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी गाडी धावली आणि पुढे लोहमार्गाबरोबर हा शब्द गावोगावी गेला. आज मुंबईत 'लाइन' हा एक भूगोल आहे. 'तू कुठल्या लाइनला राहतोस?' या प्रश्नाचे उत्तर सेंट्रल, वेस्टर्न किंवा हार्बर असे येते. वृत्तपत्रे 'हार्बर मार्ग' असे लिहितात, प्रवासी मात्र 'हार्बर लाइन' म्हणतात. येथे वृत्तपत्रांच्या भाषेला कृत्रिम म्हणण्याचे कारण नाही. पण 'मी हार्बर मार्गाला राहतो' हे वाक्य मराठीत उभे राहत नाही, कारण 'मार्ग' जाण्यासाठी असतो आणि येथील 'लाइन' राहण्यासाठीही आहे. छावणीतील वस्तीचा अर्थ नकळत रेल्वेच्या अर्थाला येऊन मिळाला असावा, असे मला वाटते.

तिसरा हात तारेचा. प्रथम तारायंत्र, मग दूरध्वनी, मग वीज. दूरध्वनीची 'लाइन' मिळते, तुटते, बिझी असते, 'लाइनवर राहा' असे सांगितले जाते. हे सारे इंग्रजीचेच पडसाद आहेत. वीज मात्र निराळी. इंग्रजीत विजेची लाइन म्हणजे तार. मराठवाड्यात, विदर्भात शेतकरी म्हणतो 'लाइन गेली', तेव्हा तार खांबावर जागच्या जागी असते. गेलेला असतो प्रवाह. 'या आठवड्यात रात्रीची लाइन आहे' या वाक्यात तर लाइन म्हणजे शेतीपंपाला वीज मिळण्याची पाळी. ज्याला त्या पाळीसाठी थंडीत मध्यरात्री उठून पाणी द्यायला जावे लागते, त्याच्या भाषेतील हा शब्द कोणत्याही इंग्रजी कोशात सापडणार नाही. साधन सोडून साधनातून वाहणाऱ्या वस्तूला तेच नाव देणे, ही आपल्या काव्यशास्त्रातील लक्षणाच आहे. मराठीने हे पूर्वीही केले होते. 'तार' म्हणजे धातूचा तंतू; तिच्यातून येणाऱ्या संदेशालाच आपण 'तार' म्हणू लागलो आणि 'तार आली' या दोन शब्दांनी घरात धडकी भरू लागली. २०१३ च्या जुलैमध्ये ती सेवा बंद झाली. भाषेने तिच्यासाठी घालून दिलेली वाट मात्र 'लाइन' आजही चालते आहे.

३

आता व्याकरणाकडे वळू. 'लाइन' मराठीत स्त्रीलिंगी आहे. ओळ, रांग, रेघ, रेषा, तार हे तिचे सर्व शेजारी स्त्रीलिंगी. त्यांच्यात राहायला आलेल्या शब्दाने त्यांचेच लिंग घेतले. लेखनातही ही शेजारधर्माची खूण दिसते. 'गरीब, वकील' यांप्रमाणे अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ लिहिण्याच्या मराठी सवयीने अनेक जण 'लाईन' लिहितात आणि 'गरिबाला'प्रमाणे सामान्यरूपात तो ऱ्हस्व करून 'लाइनीत' लिहितात. इंग्रजी उच्चार कानात असलेले 'लाइन' लिहितात. प्रस्तुत लेखात दुसरी रीत पाळली आहे. पहिली चुकीची आहे असे मात्र म्हणवत नाही.

याहून महत्त्वाचे आहे सामान्यरूप. 'लाइनीत', 'लाइनवर', 'लाइनीला', 'लाइनीने' ही रूपे घ्यावीत. 'लाइनीत या' म्हणजे रांगेत उभे राहा. 'लाइनवर ये' म्हणजे वागणूक सुधार. 'मुले लाइनीला लागली' म्हणजे शिकून-सवरून मार्गी लागली. 'लाइनीने सगळ्यांना विचारले' म्हणजे एकालाही न वगळता, ओळीने. चारही ठिकाणी शब्द एकच, अर्थ चार. आणि अर्थभेद करणारे घटक चारही मराठी आहेत. इंग्रजीत 'लाइन'च्या मागे येणारी शब्दयोगी अव्यये हेच काम करतात हे खरे, परंतु आपली रूपे त्यांची भाषांतरे नाहीत. 'लाइनीला लागणे' हा सरळ सरळ 'मार्गाला लागणे' या वाक्प्रचाराच्या साच्यात ओतलेला प्रयोग आहे. 'लाइनवर आणणे' याच्या मागे 'वळणावर आणणे', 'रुळावर आणणे' ही भावंडे उभी आहेत. यावरून असे म्हणता येईल की येथे मराठी शब्द काढून इंग्रजी शब्द घातला गेला असला, तरी वाक्प्रचार मराठीच राहिला.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. रांग या अर्थी 'लाइनीत', 'लाइनी लागल्या' अशी मराठी वळणाची रूपे सर्रास होतात; रेल्वे व दूरध्वनी या अर्थी 'लाइनवर', 'लाइनला' अशी, सामान्यरूप टाळणारी रूपे अधिक ऐकू येतात. हा नियम नव्हे, कल आहे. तरीही त्यावरून कोणता अर्थ मराठीत किती मुरला आहे याचा अंदाज येतो. एकाच शब्दाचा एक अर्थ घरचा आणि दुसरा अजून पाहुणा असू शकतो. 'ऑनलाइन' हा अगदी अलीकडचा पाहुणा. तो विभक्ती घेत नाही, क्रियाविशेषण किंवा विशेषण म्हणून तसाच बसतो आणि त्याच्या पोटात 'लाइन' आहे हे कोणाच्या ध्यानीही नसते. 'फॉर्म ऑनलाइन भरण्यासाठी सायबर कॅफेसमोर लाइन लावली' हे वाक्य आमच्याच विद्यार्थ्यांच्या तोंडी प्रवेशाच्या दिवसांत ऐकू येते. बोलणाऱ्याला त्यात द्विरुक्ती जाणवत नाही, आणि अर्थदृष्ट्या ती नाहीच.

क्रियापदांचे कार्य विभक्तींहून मोठे आहे. लाइन लागते, लावतात, मिळते, जाते, येते, तुटते, बदलतात, सोडतात, मारतात, देतात. भर्तृहरीने अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गमकांची जी यादी दिली आहे, तीत 'अन्य शब्दाचे सान्निध्य' आहे. ते येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. त्याच यादीतील 'देश' हे गमक पाहायचे असेल, तर 'लाइन बंद आहे' हे वाक्य तीन ठिकाणी उच्चारून पाहावे. दादरच्या फलाटावर त्याचा अर्थ गाड्या बंद आहेत. शेतातील विहिरीवर, वीज नाही. ज्याच्या घरी अजून तारेचा दूरध्वनी आहे त्याच्याकडे, फोन मुका आहे. आमच्या अभ्यासक्रमात भर्तृहरी बहुधा श्लेषाच्या उदाहरणांपुरता येतो. तो फलाटावरही उपयोगी पडतो, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

यांपैकी 'लाइन मारणे' आणि 'लाइन देणे' या प्रयोगांविषयी वर्गात हशा पिकतो, म्हणून ते टाळू नयेत. इंग्रजीत याच्या जवळचा दिसणारा एक प्रयोग आहे, पण त्याचा अर्थ बढाई मारणे असा होतो. मराठी-हिंदीतील अर्थ येथेच घडला आहे. डोळा मारणे, चक्कर मारणे, शिट्टी मारणे या प्रियाराधनाच्या क्रियांचे क्रियापद 'मारणे' हेच आहे. 'लाइन' त्या मालिकेत जाऊन बसली. 'मारणे' पुरुषाकडे आणि 'देणे' स्त्रीकडे, अशी वाटणीही या प्रयोगांत बव्हंशी दिसते. समाजाची दृष्टी कोणत्या क्रियापदात कशी बसते, याचे हे उदाहरण कोणत्याही नामांकित कादंबरीतील उताऱ्याइतकेच अभ्यसनीय आहे.

४

व्यवसाय या अर्थी 'लाइन' हा शब्द इंग्रजीतून आला खरा, पण मराठीत त्याची व्याप्ती वाढली. दहावीनंतर मुलाने 'कुठली लाइन घेतली?' असे विचारतात. येथे लाइन म्हणजे शिक्षणाची शाखा. 'आर्ट्सच्या लाइनीला स्कोप नाही' हे वाक्य ऐकून आम्ही मराठीचे प्राध्यापक प्रतिवर्षी वर्गातील रिकामे बाक मोजतो. 'शाखा' आणि 'लाइन' यांत एक भेद आहे. शाखेला खोड असते. ती फुटते आणि तिलाही पुढे फांद्या येतात. लाइन ही रुळासारखी असते. एकदा धरली की शेवटच्या स्थानकापर्यंत न्यायची. पालकांच्या मनातील शिक्षणाची कल्पना कोणती आहे हे शब्दाच्या या निवडीत दिसते.

याच अर्थाची एक काळोखी बाजू आहे. 'ती त्या लाइनीतली आहे', 'तो वाईट लाइनला लागला', 'मी ती लाइन कधीच सोडली' या वाक्यांत व्यवसायाचे नाव नाही. देहविक्रय असो, दारूची भट्टी असो वा गुंडगिरी असो, ज्याचे नाव घ्यायचे नाही त्याला 'ती लाइन' म्हणतात. आपल्या जुन्या शब्दांपैकी 'धंदा' हा शब्द हे काम करी, अजूनही करतो. परंतु 'धंदा' या शब्दाला आता त्या अर्थाचा इतका वास लागला आहे की तो झाकत नाही, उघड करतो. परका शब्द अजून कोरा असल्यामुळे झाकण्याच्या कामी येतो. बोलणाराच आपल्या गतायुष्याविषयी 'ती लाइन सोडली' म्हणतो, तेव्हा त्या शब्दाने त्याला थोडी प्रतिष्ठा मिळते. येथे 'अशुद्ध' म्हणून शब्द बदलून देणे म्हणजे त्याच्या अंगावरची चादर ओढणे होय. दलित साहित्यातील आणि महानगरी कथेतील संवाद शिकवताना मी ही चूक स्वतः केलेली आहे.

५

आतापर्यंतच्या विवेचनावरून प्रस्तुत लेखक 'लाइन'चा वकील आहे असा समज होईल. तसे नाही. इंग्रजी 'लाइन'चे अनेक अर्थ मराठीत आलेच नाहीत, कारण त्या जागा भरलेल्या होत्या. वंशपरंपरेसाठी 'लाइन' आली नाही. वंश, कूळ, घराणे तेथे होते. मर्यादा घालून देण्यासाठी ती आली नाही, लक्ष्मणरेषा होती. मात्र जेथे ती आली, तेथील कित्येक बारीक भेद तिने पुसले. मराठीत थांबलेल्या माणसांची रांग असते, सतत येणाऱ्यांची रीघ लागते, जेवणाऱ्यांची पंगत बसते. हाताने ओढते ती रेघ. भूमितीतील व तळहातावरील ती रेषा. नांगराचे तास, पेरणीची काकरी, उसाची सरी. पंढरीच्या दर्शनासाठी 'रीघ लागली' आणि शिधावाटप दुकानासमोर 'रांग लागली' यांत जो फरक आहे, तो 'लाइन लागली' या प्रयोगात उरत नाही. शब्दसंपत्ती कमी होणे म्हणजे कोशातील नोंदी कमी होणे नव्हे. बोलताना भेद करण्याची गरज न वाटणे होय.

म्हणून त्या उत्तरपत्रिकेतील 'कवितेच्या लाइनी' मी आजही 'ओळी' असेच दुरुस्त करीन, पण निराळ्या कारणासाठी. 'लाइन' इंग्रजी आहे म्हणून नव्हे. कवितेच्या संदर्भात 'ओळ', 'चरण' आणि 'पंक्ती' यांत भेद आहे: चरण छंदाने ठरतो, ओळ छपाईत दिसते, आणि अभंगाचे चार चरण दोन ओळींत छापले जाऊ शकतात. ज्याला या भेदावर लिहायचे आहे, त्याला 'लाइन' पुरत नाही. 'हार्बर लाइन' मी तशीच ठेवीन, आणि 'लाइन सोडली' याखाली आता एक रेघ ओढीन. चुकीची खूण म्हणून नव्हे, वर्गात चर्चा करण्यासाठी.

६

शेवटी मूळच्या धाग्याविषयी. मराठीत आलेल्या 'लाइन'ने धाग्याचा अर्थ बरोबर आणला नाही, याचे कारण येथे धाग्याचा शब्द आधीच तीच वाट चालून गेला होता. 'सूत' म्हणजे धागा. सुताराच्या हातचे सूत म्हणजे सरळपणाची कसोटी, आणि इंचाचा आठवा भागही. हट्टी माणसाला 'सुतासारखा सरळ' करतात, म्हणजेच लाइनवर आणतात. दोन माणसांचे 'सूत जमते'. जवसाचा धागा युरोपात ज्या अर्थांपर्यंत पोचला, त्यांतील काहींपर्यंत कापसाचा धागा आपल्याकडे स्वतंत्रपणे पोचला होता.

तरीही दोन ठिकाणी तो धागा नकळत परत आलेला दिसतो. शिंप्याच्या दुकानात 'लायनिंग' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. ब्लाउजचे लायनिंग म्हणजे अस्तर. लायनिंगचा शर्ट म्हणजे रेघारेघांचा शर्ट. अस्तराचा अर्थ इंग्रजीच आहे, कारण अस्तरे एके काळी जवसाच्या कापडाची, लिननची असत. रेघांचा अर्थ आपल्याकडचा. हे एकाच शब्दाचे दोन अर्थ मानावेत की दोन शब्द, हा भर्तृहरीचा प्रश्न शिंप्याला पडत नाही. तो गिऱ्हाइकाला फक्त 'आतलं की वरचं?' असे विचारतो.

दुसरे ठिकाण गवंड्याचे. विटांचा थर सरळ यावा म्हणून भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकून जो सुती दोरा ताणून बांधतात, त्याला गवंडी 'लाइनदोरी' म्हणतात. इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ दोरी असाच होता हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांच्या लेखी लाइन म्हणजे सरळ ओळ, आणि ती धरून देणारी ती दोरी.